घशाच्या गोळ्या

बेडकीची आई चपला हातात धरून पोहण्याच्या तलावाच्या काठाशी आली आणि अगदी सहज म्हणाली, "मॅडम, पाण्यात काही आहे का हो?" आणि मॅडमच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली. एरवी या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं असायचं. पाण्यात पाणी असतं, औषध असतं आणि कोणी कबूल करत नाही पण आणखीही थोडं काहीतरी असतं, असं म्हणून ती स्वतःच आधी हसायची आणि मग पालक हसायचे. आज तो विनोद कुठल्या कुठे गेला. समोर पोरं फळ्या धरून पाय मारत होती, छपराखाली त्यांचा कालवा घुमत होता, आणि बेडकीची आई आणखी जवळ येऊन, आवाज खाली आणून सांगत होती की हिला गेले काही दिवस तिकडे खाज येतेय. नुसती चुळबुळ चुळबुळ करते. डोळेही लाल असतात. "म्हटलं, पाण्यातून तर काही लागलं नसेल ना? म्हणजे कोणाला काही असलं तर?" मॅडम म्हणाली, "पाणी मी स्वतः रोज तपासते." ते खरं होतं. इतकं खरं बोलूनही ती नजर चुकवून पाण्याकडे बघायला लागली, कारण ते ‘कोणाला’ म्हणजे कोणाला, हे त्या छपराखाली तिला एकटीला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

बेडकी हे अर्थातच त्या मुलीचं खरं नाव नव्हे. तलावावर टोपणनावं ठेवायचं खातं मॅडमने स्वतःकडे घेतलेलं होतं. एक होता दगड, एक होती पाणकोंबडी, आणि ही बेडकी, कारण हिचे पाय असे काही चालायचे की बघत राहावं, आणि हात मात्र कार्याला आलेल्या पाहुण्यांसारखे नुसते बरोबर असायचे. मॅडमचा तिच्यावर जीव होता. म्हणजे सगळ्यांवरच होता, पण हिच्यावर जरा जास्त, आणि ते लपवायला म्हणून ती बेडकीलाच सगळ्यांत जास्त ओरडायची. आत्ताही बेडकी पलीकडच्या टोकाला फळीवर हनुवटी टेकवून दोघींकडे बघत होती. आई आपल्याबद्दल बोलतेय हे तिला कळलं होतं, आणि काय बोलतेय हेही कळलं असावं, कारण तिने चेहरा फळीमागे लपवला. त्या लपवलेल्या चेहऱ्याने मॅडमच्या काळजाला जे झालं ते तिच्या आईच्या शब्दांनीही झालं नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच तिची स्वतःची खाज उठली. ती अशीच उठायची, वेळ नाही काळ नाही. ओल्या पोशाखात, उघड्यावर, सगळी पोरं आणि त्यांचे आईबाप समोर असताना बाईमाणसाने करावं तरी काय? तिने एका पायाची दुसऱ्या पायाला अढी घातली, शिट्टी दातांत घट्ट धरली आणि मग ती काढून जोरात ओरडली, "पाय सरळ! गुडघे वाकवायचे नाहीत!" पोरांनी बिचाऱ्यांनी पाय सरळ केले. तिची आग मात्र वाढतच गेली, आणि तिला वाटलं, आता हे सगळ्यांना दिसतंय.

हे सगळं सुरू झालं दाढेपासून. अर्थात तो धागा तिने तेव्हा जोडला नव्हता. जोडणार कशी, दाढ कुठे आणि हे कुठे! अक्कलदाढ काढली, गाल सुजला, दातांच्या डॉक्टरने अँटिबायोटिकचा कोर्स दिला, गाल उतरला. आणि गाल उतरतोय न उतरतोय तोच तिकडे चुळचुळायला लागलं. आधी चुळचुळणं, मग खाज, मग लघवीला बसलं की अशी आग की भिंतीवरचा नळ घट्ट धरून डोळे मिटायचे. अंगावरून पांढरं जायला लागलं, तेही नेहमीसारखं नव्हे, घट्ट, फुटक्या दह्याच्या गुठळ्या असाव्यात तसं. वास असा काही नव्हता. तलावावर काम करणाऱ्यांची एक खोड असते, अंगावर काही उठलं की पाण्याला बोल लावायचा. केस गळले, पाणी. त्वचा तडतडली, पाणी. तिनेही पाण्यालाच बोल लावला आणि अंगावरचं पाणी जावं म्हणून घरी येऊन साबणाने घासघासून धुवायला लागली. साबणाने भागेना तेव्हा तलावाच्या प्रथमोपचाराच्या पेटीतलं जखमा धुवायचं औषध बादलीत टाकून धुवायला लागली. क्षणभर बरं वाटायचं आणि मग दुप्पट आग. शेवटी ती औषधांच्या दुकानात गेली. काउंटरवरचा माणूस ओळखीचा होता, सगळ्या तलाववाल्यांच्या पायांना चिखल्या होतात हे त्याला पाठ होतं. तिने नुसतं "बुरशीचं मलम" एवढंच म्हटलं, तर तोच म्हणाला, "पायाला ना?" तीही म्हणाली, "हो हो, पायालाच." ते मलम तिने पायाला लावलं नाही हे सांगायला नकोच. दोन-तीन दिवस थोडं शांत झालं, आणि मग खाज व्याजासकट परत आली.

पायाला म्हणताना आपली जीभ अडखळलीसुद्धा नाही, हे तिला आता काठावर उभं राहून आठवत होतं. अडखळेल कशी, घरचंच वळण ते! तिच्या माहेरी शरीराला पोटापर्यंतच नावं होती. त्याखाली एकदम गुडघे लागायचे. मधल्या मुलखाला ‘तिकडे’ म्हणायचं आणि तिकडे जे काही होईल त्याला ‘उष्णता’. आईला ही उष्णता वरचेवर व्हायची. मॅडम तेव्हा चौथीत असेल. स्वयंपाकघरात एक लोखंडी स्टूल होतं, आणि आई त्याच्या अगदी कडेला टेकायची, आत्ता उठणार असल्यासारखी. आणि खरंच लगेच उठायची. न्हाणीघरात गेली की लवकर बाहेर यायची नाही, आणि आली की चेहरा असा, की कोणी तिच्याकडे पाणीसुद्धा मागू नये. एक दिवस आई म्हणाली, चल गं माझ्याबरोबर, डॉक्टरकडे जायचंय. एकटीने जायला धीर होत नसावा. डॉक्टर भला माणूस होता, कानांवर केसांचे झुपके असलेला, हसरा. "बोला ताई, काय होतंय?" आई त्याच्या पेनाकडे बघत राहिली, मग खिडकीकडे, मग पोरीकडे. तिचा हात मांडीवरून उचलला गेला, मध्येच जरा थबकला, आणि वर वर जात गळ्यापाशी येऊन थांबला. "घसा दुखतो," आई म्हणाली. पोरगी बघतच राहिली. डॉक्टरने आ करायला लावलं, टॉर्च मारला, आणि म्हणाला, लाल आहे थोडा. कोणाचाही घसा बघा, थोडा लाल असतोच. त्याने गोळ्या लिहून दिल्या. घरी येताना पोरीने रस्त्यात विचारलं, "आई, तुझा घसा दुखतो?" आई म्हणाली, "आता दुखायला लागला." आणि पुढे तिने त्या गोळ्या इमानेइतबारे घेतल्या, सकाळ-संध्याकाळ, शेवटच्या गोळीपर्यंत. डॉक्टरला फसवलं होतं, गोळ्यांना तरी फसवू नये असं काहीतरी तिच्या मनात असावं. त्यानंतर आई त्या स्टुलावर टेकायचीसुद्धा बंद झाली. उभ्यानेच जेवायची.

तुकडी सुटली, पोरं टॉवेल गुंडाळून थंडीने कुडकुडत गेली. जाताना बेडकीने नेहमीसारखी जीभ काढून दाखवली नाही. मग मॅडम पंपाच्या खोलीत गेली आणि दार आतून लावून घेतलं. इथे निळे डबे ओळीने ठेवलेले असत आणि मापाचा एक मग. रोज सकाळी ती काचेच्या नळीत तलावाचं पाणी घ्यायची, त्यात थेंब टाकायची, पाण्याला रंग आला की तो पट्टीवरच्या रंगाशी जुळवायची. पाणी तपासते म्हणजे तपासायचीच, त्यात खोटं नव्हतं. खोटं त्यानंतर होतं. खाज सुरू झाल्यापासून तिच्या मनाने एक घेतलं होतं: आपण याच पाण्यात उतरतो, आपलं जे काही आहे ते याच पाण्यात जातं, आणि याच पाण्यात ही चिल्लीपिल्ली तोंडं बुडवतात. तेव्हा सांगायचं कोणाला काही नाही, पण पोरांना काही होऊ द्यायचं नाही. म्हणून तपासणी झाली की ती औषधाचा एक मग जास्तीचा ओतायची. दुसऱ्या दिवशी रंग पट्टीपेक्षा गडद आलाच तर नळी जरा लांब धरून डोळे बारीक करून बघायची. लांबून बरोबर दिसायचा. तिचा स्वतःचा निळा पोशाख पाठीवर पांढुरका पडला होता, पण त्याकडे ती मुद्दाम बघत नव्हती. आज तिने डब्याचं झाकण उघडलं तेव्हा वास नाकात असा भसकन गेला की डोळ्यांतून पाणी आलं. इतकं करूनही लागलंच पोरीला, तिला वाटलं. एवढीशी ती बेडकी, आणि माझ्यामुळे. तिने मग भरला, ओतला, आणि आणखी एक भरला. ओतताना एक थेंब बाहेर सांडला नाही. कामाला ती पक्की होती.

घरी जायचा रस्ता तिने चालत काढला, कारण बसमध्ये बसावं लागतं. चालतानाही कपडा घासायचाच. मोबाईलवर तिचं सगळं वाचून झालेलं होतं, आणि ते वाचणं म्हणजे विहिरीत डोकावण्यासारखं होतं, जितकं खाली बघावं तितकं काळं. एक पान म्हणे साधं असतं, दुसरं म्हणे कर्करोग असू शकतो, तिसरं विचारत होतं की तुमच्या जोडीदाराचे इतर कोणाशी संबंध आहेत का. त्या तिसऱ्या पानाने तिचा दिवस नासवला होता. नवरा कामानिमित्त अधूनमधून बाहेरगावी जायचा, परत येताना तिला आवडते म्हणून नेहमी पेन्सिलींची एखादी डबी आणायचा, आणि अशा माणसाच्या बॅगेचे कप्पे तिने एका सकाळी तपासले. कप्प्यात नखं कापायचं यंत्र निघालं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ते यंत्र परत ठेवताना चुकीच्या कप्प्यात गेलं, आणि मग दोन दिवस तो ते शोधत होता. काल न्याहारीच्या वेळी त्याने ताटलीकडे बघत विचारलं होतं, "माझ्यावर रागावली आहेस का?" ती म्हणाली, "नाही रे. का?" "पलंगाच्या पार कडेला झोपतेस. हात लावला की दचकतेस. माझं काही चुकलं असेल तर सांग बाई, मला आपणहून कळत नाही, तुला माहीत आहे." तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. आणि तोंडातून काय निघावं? "दाढ दुखते." तो तिच्याकडे बघत राहिला. "काढलेली?" त्याने विचारलं. दोघं हसली, पण तो आधी थांबला.

आज मात्र घरी न जाता ती मध्येच एका गल्लीत वळली. त्या गल्लीत एका डॉक्टरीणबाईंची पाटी होती, तलावावरचं कोणी तिकडे येत नसे, म्हणून ती पाटी तिने कधीच हेरून ठेवली होती. वाट बघायच्या खोलीत खुर्च्या कडक होत्या. ती कडेला टेकली, आणि टेकल्या टेकल्या तिला आईचं स्टूल आठवलं, तशी ती मुद्दाम सरकून मागे बसली. आग झाली तरी मागेच बसली. मनात वाक्य तयार केलं. मला अंगावरून पांढरं जातं आणि खूप खाज येते. सोपं वाक्य आहे, चौथीतली मुलगी वाचेल. बेडकीसाठी म्हणायचंय, तिने स्वतःला बजावलं, स्वतःसाठी नको तर नको. आपल्याला काय झालंय ते कळल्याशिवाय त्या पोरीला काय झालंय ते कळणार नाही. आत बोलावलं. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज भाजीवालीसारखा खणखणीत. "हं, बोला. काय होतंय?" आणि तिने तोंड उघडलं, आणि तिचा हात उचलला गेला, आणि ती बघतेय तर हात खांद्यावर! "खांदा दुखतो," ती म्हणाली. "पोहायला शिकवते मी." बाईंनी खांदा धरला, फिरवला, वर करायला लावला, मागे करायला लावला. "दुखतं इथे?" दुखत नव्हतं. "थोडं," ती म्हणाली. बाईंनी वेदनेच्या गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, जेवणानंतर घ्यायच्या. तिने कागद घेतला, आभार मानले, पर्स उचलली आणि दारापर्यंत आली. दारात हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि तिला दिसली आई, सिंकपाशी उभी, एका हातात पेला, दुसऱ्या हातात घशाची गोळी, ती वेळेवर घेणारी. बाई गं! आपणही ह्या वेळेवर घेणार. शेवटच्या गोळीपर्यंत घेणार, आणि खांद्याला काहीही झालेलं नसताना तो बरा करून दाखवणार. दार उघडून पुढची बाई आत येऊन खुर्चीत बसतसुद्धा होती. "माझं एक राहिलं," ती म्हणाली. आवाज शिट्टीनंतर यायचा तसा मोठा आला, बाहेरच्या खोलीतल्या माना वळल्या. "काय राहिलं?" बाईंनी विचारलं. "खांदा नाही. खांद्याला काही झालेलं नाही." चष्मा कपाळावरून नाकावर आला. बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि खुर्चीतल्या बाईला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा, ह्यांचं राहिलंय."

एकदा सुरू झाल्यावर मग ती थांबेना. दही, आग, लघवी, साबण, पेटीतलं औषध, पायाचं मलम, सगळं सांगितलं, आणि सांगताना रडत होती हे तिला नाक पुसायची वेळ आली तेव्हा कळलं. बाई मध्ये मध्ये विचारत होत्या. रंग कसा? वास? ओटीपोटात दुखतं? ताप? पाळी कधी आली होती? आणि जखमा धुवायच्या औषधापाशी पोचल्यावर म्हणाल्या, "अहो, फरशी आहे का ती?" तिला रडता रडता हसू फुटलं. मग पडद्याआड, टेबलावर, दिव्याच्या उजेडात ती छताकडे बघत पडली. पाण्यात उतरायला घाबरणाऱ्या पोरांना ती सांगायची तेच स्वतःला सांगत राहिली, श्वास सोड, अंग सैल सोड, काही होत नाही. खरंच फारसं काही झालं नाही. कापसाची एक काडी आत फिरली, गार लागलं, संपलं. बाईंनी कागदाची पट्टी ओली करून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवला, आणि त्या अवघडलेल्या अवस्थेतही तिला ते घरच्यासारखं वाटलं. पाण्याची परीक्षा आपण रोज घेत होतो, तिच्या मनात आलं, आणि स्वतःची म्हटल्यावर केवढा हा गोंधळ. बाईंनी काचेवर नमुना पसरला, शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता तिथे नेला, आणि तिला हाक मारली. "या, बघा तुमचा पाहुणा." तिने डोळा लावला. बारीक बारीक गोळे, आणि त्यांना फुटलेले लांब कोंब. एवढंच. यासाठी आपण नवऱ्याची बॅग तपासली.

"यीस्ट आहे हे," बाई म्हणाल्या. "पाव फुगतो त्याच्याच भाऊबंदातलं. सगळ्यांच्या अंगात थोडं असतंच, चांगले जंतू त्याला धाकात ठेवतात. दाढेच्या अँटिबायोटिकने ते चांगले जंतू मेले, उरलेसुरले तुम्ही धुऊन काढलेत. वर दिवसभर ओला पोशाख. मग काय, त्याला रान मोकळं! नवऱ्याचा यात काही दोष नाही, तसं मनात असेल तर काढून टाका." त्यांनी आत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या, साबण आणि ते पेटीतलं औषध बंद करायला सांगितलं, रक्तातली साखर तपासून घ्यायला सांगितलं, कारण साखर वाढली असली तरी हे वरचेवर होतं. "आणि हे परत झालं तर इथे यायचं, मलमं आणायची नाहीत. दर खेपेला हेच असेल असं नाही. पातळ करडं जातं, माशासारखा वास येतो, ते निराळं; त्याला हे औषध लावून काही उपयोग नाही. पोटात दुखलं, ताप आला, रक्त दिसलं, तर ते आणखी निराळं. बघितल्याशिवाय मलाही कळत नाही, तर तुम्हाला पायाच्या मलमाला विचारून काय कळणार?" ती मान डोलवत होती, पण तिचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर लागलं होतं आणि शेवटी तिने ते विचारलं. हे पाण्यातून दुसऱ्याला लागतं का? तलावाच्या? "छे हो," बाई म्हणाल्या. आणि तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला उठून त्या खणखणीत आवाजाच्या बाईला मिठी मारावीशी वाटली. "एक मुलगी आहे माझ्याकडे, लहान," ती घाईघाईने म्हणाली, "तिला पण तिकडे खाज येतेय, मला वाटलं माझ्यामुळेच." बाई हात धूत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एवढ्या मुलींना यीस्ट सहसा होत नाही. तिला आणून दाखवायला सांगा. साबण असेल, जंत असतील, ओला पोशाख असेल. आणि पाण्यातलं औषध जास्त झालं तरी होतं, कातडी नाजूक असते ना. डोळे लाल आहेत का तिचे?"

डोळे लाल होते. सगळ्यांचेच होते. ती दवाखान्यातून निघाली ती धावतच, आणि या खेपेला खाज, आग, कपडा, कसलंही भान नव्हतं. तलाव बंद व्हायला आला होता. तिने काठावर ओणवं होऊन नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, आणि नळी लांब न धरता डोळ्यांसमोर धरली. पट्टीवरचा शेवटचा रंग संपून पुढे जावा एवढं ते गडद होतं. पोरांना काही होऊ नये म्हणून जे ओतलं, तेच पोरांच्या डोळ्यांत गेलं, अंगाला लागलं. आजार लागत नव्हता कोणालाच. लागलं होतं ते तिचं लपवणं. तिने पाण्यात उतरायच्या जिन्याला दोरी बांधली, तलाव बंद असल्याची पाटी लावली आणि व्यवस्थापकाला जाऊन सगळं सांगितलं, म्हणजे औषधाचा मग जास्तीचा ओतला ते आणि का ओतला तेही. बोलणं ‘तिकडे’पाशी आल्यावर तो माणूस टेबलावरचं पेपरवेट फिरवायला लागला. पंपाच्या खोलीची किल्ली मात्र त्याने काढून घेतली, आणि शिकवायचं ठेवायचं की नाही ते बघू म्हणाला. तिने वाद घातला नाही.

बेडकीच्या आईला तिने दुसऱ्या दिवशी फाटकापाशी गाठलं. तलाव बंद बघून पालकांचा घोळका तिथे उभा होता. तिने तिला जरा बाजूला घेतलं आणि सांगितलं. बाजूला म्हणजे किती, फाटक ते केवढं. बेडकीची आई ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" "औषधाने होतं हे माहीत नव्हतं. मला वाटलं मला जे झालंय ते हिला लागलं. म्हणून आणखी ओतलं." "आणि एका माणसाला सांगता आलं नाही तुम्हाला?" "नाही," ती म्हणाली. "लाज वाटली." "वा!" बेडकीची आई म्हणाली, आणि आता तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "लाज तुम्हाला वाटली आणि खाजवत बसली माझी पोर!" ते खरं होतं. तिने मान खाली घातली, डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला, हिला दाखवा म्हणाली. आईने बेडकीचा दंड धरला आणि निघाली. चार पावलं गेल्यावर बेडकीने मान वळवली आणि जशी पाण्यातून ओरडायची तशी ओरडून विचारलं, "मॅडम, तुम्हाला पण तिकडे खाज येते?" अख्खं फाटक वळून बघायला लागलं. मॅडमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. फळीमागे लपवलेला तो चेहरा तिला आठवला, आणि ती तशीच मोठ्यांदा म्हणाली, "हो, येते. डॉक्टरला दाखवलं. औषध घेतेय." बेडकीने जरा विचार केला. मग जीभ काढून दाखवली आणि आईमागून उड्या मारत गेली.

रविवारी ती आईकडे गेली. औषध लागू पडलं होतं, खाज ओसरत आली होती, आणि बरं वाटलं की माणसाला जे सुचतं ते तिला सुचलं, आईला सांगावं. लोखंडी स्टूल केव्हाच मोडीत गेलं होतं, त्या जागी आता गादीची खुर्ची होती, भावाने हौसेने आणलेली. आई खुर्चीच्या कडेला टेकली होती. लेक बोलत होती आणि बोलता बोलता तिला ते कडेला टेकणं दिसलं, आणि ती मध्येच थांबली. इतकी वर्षं येत होती, चहा पीत होती, इकडचं तिकडचं बोलत होती, आणि घशाची गोष्ट तिच्या लेखी जुनी झालेली, नवऱ्याला हसत हसत सांगायची गोष्ट झालेली होती. "उष्णता असते ती," आई म्हणाली. "तुझं कामच पाण्यातलं." "उष्णता नाही आई. यीस्ट म्हणतात त्याला. बाईंनी दाखवलं मला, काचेवर." आई उठली, कप उचलले, सिंकमध्ये ठेवले आणि नळ सोडला. बराच वेळ तो एकच कप धूत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "बाई आहे म्हणालीस ना ती डॉक्टर?" "हो, बाईच आहे." "चांगली आहे?" "ओरडते. पण चांगली आहे." नळ बंद झाला. "मलाही एकदा घसा दाखवायचाय तिला," आई म्हणाली. लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण ती एवढंच म्हणाली, "दाखवू की."

त्या दिवशी दवाखान्यात गर्दी नव्हती. आई चांगले कपडे घालून, केस नीट बसवून आली होती, आणि खुर्चीच्या कडेला टेकली होती, पर्स मांडीवर धरून. लेक शेजारी बसली. येताना रस्त्यात तिने ठरवलं होतं की आपण बोलून टाकायचं, आईला ताटकळवायचं नाही. आणि आता आत बसल्यावर तिला वाटलं, नाही. पाण्यात पोराचा हात सोडायची एक वेळ असते, आधी सोडला तर बुडतं आणि सोडलाच नाही तर जन्मभर पोहत नाही. तिने दात आवळले. "बोला आजी, काय होतंय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आई त्यांच्या पेनाकडे बघत राहिली. मग खिडकीकडे. मग पोरीकडे. तिचा हात पर्सवरून उचलला गेला, वर वर गेला, आणि गळ्यापाशी थांबला. "घसा," आई म्हणाली. बाईंनी टॉर्च उचलला, पेटवला, पुढे झुकल्या. "आ करा." आईने तोंड उघडलं नाही. टॉर्चचा उजेड तिच्या मिटलेल्या ओठांवर पडलेला होता. तिने दुसऱ्या हाताने तो टॉर्च हळूच बाजूला सारला.

"घसा नाही," आई म्हणाली.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी टॉर्च बंद केला. "मग जे आहे ते कधीपासून आहे?"

आईचा हात अजून गळ्याशीच होता. तो हळूहळू खाली आला, मांडीवर मात्र टेकला नाही. पोरीच्या खुर्चीशेजारी, टेबलापेक्षा जरा वर, चौथीतल्या मुलीच्या डोक्यावर ठेवावा तसा अधांतरी थांबला.

"ही एवढी होती," आई म्हणाली, "तेव्हापासून."